कुलगुरू झालों, अम्मा

हयग्रीवमामा महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाचे कुलगुरू झाले, त्या दिवशी इकडे कुंभकोणमला त्यांच्या आईने डोक्यावरून अंघोळ केली. भर दुपारी, विहिरीवर, नेसत्या लुगड्यानिशी. आमच्या घरांत असं अवेळी स्नान एकाच कारणाने होतं. कुणी गेल्याचं कळलं की.

मी तेव्हा शाळेत होते. आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून. घागरीमागून घागर ओतल्याचा आवाज आला तशी माझी आई मागच्या दाराने धावली.

"मामी, काय झालें? कोण गेलें?"

"लेक," मामांची आई, आमची जयलक्ष्मी अज्जी, म्हणाली. तिच्या केसांतून पाणी गळत होतं.

"अय्यो! गुंडू? केव्हां?" आईने विचारलं. गुंडू हे मामांचं घरचं नाव.

"आतांच. त्यानेंच फोन करून सांगितलें."

माझी आई पायरीवरच उभी राहिली. आत टेलिफोनचा रिसीव्हर वायरीला लोंबत होता आणि त्यातून "अम्मा? अम्मा?" असा बारीक आवाज येत होता. तो उचलायचा धीर कुणालाच झाला नाही.

मामांनी फोनवर एवढंच म्हटलं होतं, "अम्मा, मी कुलगुरू झालों."

महाराष्ट्रात राहणाऱ्याला यात काही वावगं दिसणार नाही. विद्यापीठाचा कारभार पाहणारा तो कुलगुरू. पण तंजावरच्या मराठी राजांच्या काळी इकडे येऊन राहिलेली आमची घरं जी मराठी बोलतात, तिच्यातला हा शब्द विद्यापीठापर्यंत कधी गेलाच नाही. आमच्याकडे कुलगुरू म्हणजे मठाचे स्वामी. कावेची वस्त्रं, हातात दंड. ते गावात आले की सगळ्या घराने आडवं पडून नमस्कार करायचा आणि त्यांच्याकडून बाहूंवर शंखचक्राच्या मुद्रा घ्यायच्या. असा कुलगुरू व्हायचं तर आधी संन्यास घ्यावा लागतो. संन्यास घ्यायचा तर घर, नाव, जानवं सगळं सोडून स्वतःचं श्राद्ध स्वतः करावं लागतं. त्यानंतर आईला तो मुलगा उरत नाही. आणि अज्जीचा एकुलता एक मुलगा परमुलखात, पन्नाशी उलटून गेली तरी बिनलग्नाचा. तिने क्षणभरही शंका घेतली नाही. हा फोन एक दिवस येणार, असं तिला आधीपासून वाटत असावं.

शेवटी मामांनी शेषाद्री आचारांच्या मोबाइलवर फोन लावला. आचार आमच्या गल्लीतले पुरोहित, मामांचे शाळासोबती. ते तोपर्यंत अज्जीच्या दारात येऊन पोचले होते.

"अरे हयग्रीवा," ते ओरडले, "तूं मेलास कां संन्यास घेतलास? एक काय तें सांग. दोहोंचें सामान वेगळें असतें."

पलीकडून मामा काहीतरी लांबलचक बोलत राहिले. आचार ऐकत होते, आणि मग एकदम त्यांनी मांडीवर थाप मारली. "वैस-चान्सलर! अगो, हा वैस-चान्सलर झाला!" मग जमलेल्या शेजाऱ्यांसाठी तमिळमध्ये, "तुणैवेंदर! युनिव्हर्सिटीचा तुणैवेंदर!"

तुणैवेंदर म्हणजे शब्दशः उपराजा. गल्लीला एकदम कळलं. कुणीतरी साखर आणली. अज्जीने ओल्या लुगड्यानेच फोन हातात घेतला. ती हसलीसुद्धा. पण आधी तिने विचारलं,

"असें कां सांगितलेंस रे? तुज दुसरा शब्द नव्हता कां?"

मामांनी मला पुढे सांगितलं, ते वाक्य त्यांनी घरी सांगण्यासाठी नीट जुळवलं होतं. क्रियापदाचा शेवट घरचा केला आणि शब्द तिकडचाच राहिला, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

ही गोष्ट गल्लीत कित्येक वर्षं विनोद म्हणून चालली. नुकताच त्यांच्या विद्यापीठाने स्मरणिकेसाठी मामांचा एक पानी परिचय मागितला. मी कोल्हापुरात राहून मराठीत एम.ए. केलेलं, म्हणून त्यांनी तो मला लिहायला सांगितला. मी लिहून पाठवला. पदं, वर्षं, संशोधन, सगळं त्यात बसलं. हे बसलं नाही.

*

मामांचे वडील मुकुंदराव तिरुभुवनम्‌च्या रेशीम सोसायटीत कारकून होते. मयिलाडुदुरैच्या रस्त्यावरची बस पकडून रोज जात, आणि परत येताना त्यांच्या सदऱ्याला नव्या रेशमाचा थोडा आंबूस वास येई. अज्जीचा भाऊ तिरुवलंचुळीच्या बाजूला एका पानमळ्याची देखरेख करी. सुटीत मामा तिथे राहायला जात. एके वर्षी मळ्यातल्या वेली बुडापासून काळ्या पडून माना टाकू लागल्या. भाऊ पिल्लैयारला, म्हणजे गणपतीला, नारळ बोलला. लहानग्या हयग्रीवने एक मेलेली वेल उपटून, धुऊन, शाळेच्या मास्तरांकडे नेली. मास्तर म्हणाले, "हिला कुजण्याचा रोग आहे. कसला, ते मला ठाऊक नाही." मामा म्हणतात, मोठ्या माणसाने "ठाऊक नाही" म्हटलेलं त्यांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, आणि त्यांना फार बरं वाटलं.

पुढे त्यांनी वनस्पतिशास्त्र घेतलं आणि पानवेलीच्या मूळकुजीवर प्रबंध लिहिला. महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाला पानमळ्यांचं कळणारा माणूस हवा होता. जाहिरात पाहून मुकुंदराव म्हणाले, "जा. आपल्या भाषेचा मुलूख आहे."

"गाडींत बसलों तेव्हां वाटलें, मी परत घरीं चाललों आहें," मामा सांगतात. "तीनशे वर्षें बाहेर राहून."

पहिल्या तासाला वर्ग गोंगाट करत होता. मामा म्हणाले, "उगे राहा." म्हणजे गप्प बसा. जुन्या मराठीत तसाच अर्थ आहे, आमच्या घरांत आजही आहे. वर्गाला वाटलं, सर उभे राहा म्हणतायत. सगळे उभे राहिले. मामांना वाटलं, या मुलखात गुरूचा फार मान ठेवतात. त्यांनी हात जोडून सगळ्यांना "बसावें" म्हटलं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, कोणत्या बखरीतून आलात?" तेव्हापासून ते बखर सर.

त्यांनी भाषा बदलायला सुरुवात केली. आधी मज, तुज गेलं. मग आलों, गेलों मधला नाकातला सूर गेला. ते पाठ फिरवून बोलले तर ओळखू येणार नाही इतकं साधायला बरीच वर्षं गेली, आणि तोवर फोनवर अज्जी म्हणू लागली, "तूं रेडिओवर वार्ता वाचल्यासारखें बोलतोस. कोणाशीं बोलतोस तें मज कळत नाहीं."

लग्नाचं मी मामांना एकदा विचारलं. "इकडे मुलगी पाहायची का तिकडे, हे ठरत नव्हतं," ते म्हणाले. "मग ठरवायचं राहूनच गेलं." एवढंच.

ते कुलगुरू कसे झाले, तेही त्यांना नीट समजलेलं नाही. विद्यापीठात दोन तट होते. पहिल्या तटाला वाटलं, हा मद्रासी, दुसऱ्या तटाला मिळणार नाही. दुसऱ्यालाही हेच वाटलं. दोघांना नको असलेला तिसरा माणूस शोधता शोधता सगळे मामांपाशी येऊन थांबले. मोठा बंगला मिळाला, दारात पहारेकरी, मागे पेरूची बाग. पेरू विद्यार्थी चोरत आणि मामा पडदा ओढून घेत, त्यांना संकोच वाटू नये म्हणून.

एकदा वसतिगृहाला पाणी नाही म्हणून मुलांनी बंगल्याला वेढा घातला. घोषणा चालू होत्या. मामा घाबरले, आणि घाबरल्यावर तोंडून घरची भाषा आली. फाटकापाशी जाऊन ते म्हणाले, "आपण क्रोध करूं नये. मी आपलें ऐकावयास आलों आहें." घोषणा थांबल्या. मुलं एकमेकांकडे पाहू लागली. एक मुलगी खुदकन हसली आणि मग वेढ्याला वेढा म्हणून राहता येईना. नळ दुरुस्त झाले.

"हे तुमच्या परिचयात घालू?" मी विचारलं होतं.

"नको," मामा म्हणाले. "यात मी काय केलं? मी घाबरलो. मला खरंच सांगता येत नाही पोरी, त्या पाच वर्षांत मी काय केलं. सह्या केल्या. त्या सह्यांनी कुणाचं काय झालं, ते पाहायला मिळालं नाही. पानवेल निदान मेली तर कळतं."

*

मुदत संपली तसे ते कुंभकोणमला परत आले. तोवर गल्ली बदलली होती. आमची दोन्ही घरं पाडून तिथे तीन मजली इमारत झाली. खाली मामा आणि अज्जी, वर आम्ही. विहीर बुजवून त्या जागी दुचाकी उभ्या राहतात. सकाळी अलमेलू येते. ती अज्जीकडे आधीपासूनच काम करते, दारासुरम्‌हून टाउन बसने. मामांना ती "सार" म्हणते, अज्जीला "रायरम्मा", म्हणजे रावांच्या घरची अम्मा, आणि दोघांनाही सारखीच रागावते.

पहिली काही वर्षं बरी गेली. मामा आईला वर्तमानपत्र वाचून दाखवत, ती त्यांचे उच्चार सुधारत असे. मग ती विसरू लागली. आधी डबे, मग वार, मग मुकुंदराव गेल्याचं. गुंडूला मात्र ती विसरली नव्हती. तो बाजारात गेला तरी "गुंडू कुठें?" म्हणून अलमेलूला भंडावून सोडायची.

एका सकाळी मामा न्हाणीघरातून बाहेर आले ते कावेच्या रंगाचा पंचा नेसून. त्यात काही विशेष नव्हतं. खादीच्या दुकानात पांढरे संपले होते. डोक्यावरचे केस तर केव्हाच गेलेले, कपाळावर नुकतंच लावलेलं गोपीचंदन. अज्जी खुर्चीत बसली होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं. हळूहळू दोन्ही हात जोडले, पदर डोक्यावरून घेतला आणि म्हणाली,

"स्वामी, आपण केव्हां आलां?"

मामांना वाटलं ती जुना विनोद करते आहे. ते हसले. ती हसली नाही.

त्या दिवसापासून घरात कुलगुरू आले आणि गुंडू गेला.

मामांनी पंचा काढून पँट-शर्ट घातला. अज्जी अलमेलूच्या कानात म्हणाली, "स्वामींनी वेष पालटला तरी तेज लपत नाहीं." त्यांनी तिला स्वतःचे लहानपणचे फोटो दाखवले. तिने ते डोळ्यांना लावले. "माझा लेक. आपणांस कोठें मिळाला हा?" ते तिचा हात धरायला गेले तर ती अंग चोरून मागे सरली, स्वामींना आपला विटाळ होईल म्हणून. ते कॉफी करायला गॅसपाशी गेले तर तिचा जीव खालीवर. "स्वामी, अग्नि! संन्याशानें अग्नि शिवूं नये!" कॉफीसाठी नावाजलेल्या कुंभकोणमच्या माणसाला आपल्याच घरात कॉफी करायची चोरी झाली. मामा फ्लास्क घेऊन आमच्याकडे वर यायला लागले.

एकदा तिने बाही वर करून दंड पुढे केला. "मुद्रा, स्वामी. येवढी एकादशी निघून गेली."

"माझ्यापाशीं मुद्रा नाहीं, अम्मा," मामा म्हणाले. "एक रबरी शिक्का होता. तो ऑफिसांत परत दिला."

अज्जीने मान डोलावली. मोठ्यांचं बोलणं गूढ असतं, अशी.

आणि ती त्यांना त्यांचीच खबर विचारू लागली. संध्याकाळी मी खाली गेले की दोघं समोरासमोर बसलेली असत, मध्ये चार हातांचं अंतर ठेवून.

"आपण मऱ्हाट देशींहून आलां. तिथें माझा गुंडू आहे. दिसला कां?"

"दिसला."

"बरा आहे?"

"बरा आहे, अम्मा."

"जेवतो कां वेळेवर?"

"जेवतो."

"लग्न?"

मामा माझ्याकडे पाहत. मी खिडकीबाहेर.

"नाहीं," ते म्हणत.

"त्यास सांगा," अज्जी म्हणे, "अम्मा रागावलेली नाहीं. पण एक वेळ येऊन जा म्हणावें."

"सांगतों."

आत येऊन मामा सिंकपाशी उभे राहत. एकदा ते मला म्हणाले, "मी हिच्यासाठी परत आलो. आणि ही मलाच निरोप देते, मला बोलवायला. हे मी कुणाला समजावून सांगू?" मग थोड्या वेळाने, "एकदा गुंडू म्हणू दे तिला. बाकी काही नको. माझं नाव तेवढं एकच खरं होतं. इतर सगळी पाटीवर लिहायची."

अलमेलूचं मत निराळं होतं. "सार, स्वामीच राहा," ती म्हणाली. "माझ्या हातच्या गोळ्या ती थुंकते. तुम्ही तीर्थ म्हणून द्या." आणि तसंच झालं. रक्तदाबाची गोळी अज्जीने उजव्या तळहातावर घेतली, डोळ्यांना लावली आणि भक्तिभावाने गिळली. मामा पाहत राहिले. त्यांना आनंद व्हावा की काय व्हावं, ते ठरेना.

पण खाणं कमी होत गेलं. स्वामींची भिक्षा झाल्याशिवाय आपण कसं जेवायचं, असं ती म्हणे. स्वामी जेवले म्हणून सांगितलं तर, आपल्या हातचं नाही ना, मग ती भिक्षा कसली? डॉक्टरांनी अशक्तपणा वाढल्याचं सांगितलं. आवडेल ते भरवा, म्हणाले, आता औषधाचं फारसं काही नाही. मामांनी चोरून डांगर पचडी केली, उडदाच्या पिठाची, ताकातली, तिची आवडती. तिने वाटी बाजूला सारली. "गुंडू आल्यावर खाईन."

*

शेवटी मामा शेषाद्री आचारांकडे गेले. आचार आता काठी टेकत चालतात, जीभ मात्र तशीच आहे.

"मी तेव्हांच विचारलें होतें, मेलास कां संन्यास घेतलास," ते म्हणाले. "तूं नीट उत्तर दिलें नाहींस. आतां भोग."

"शेषू, थट्टा नको. तिला कसं सांगू?"

"सांगूं नको. ती सांगते तें ऐक. ती म्हणते तूं संन्यासी, तर हो संन्यासी. संन्याशाचे नियम ठाऊक आहेत कां तुज? सगळें जग त्याच्या पायां पडतें. बाप आला तरी बापानें पडावें. संन्याशानें कोणास नमस्कार करूं नये." आचारांनी काठी जमिनीवर एकदा आपटली. "एकीस सोडून. शंभर मठांचा स्वामी असला तरी आई दिसली कीं आडवें पडावें. ती मोकळीक शास्त्रानें दिली आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांनी मला खाली बोलावलं. "तू फक्त इथे उभी राहा," ते म्हणाले. "ती पडली-बिडली तर." अलमेलूने केळीचं पान मांडलं होतं. मामांनी तोच कावेचा पंचा नेसला होता. त्यांचे गुडघे दुखतात. भिंतीला धरून ते आधी एक गुडघा टेकून बसले, मग दुसरा, मग सबंध लांबीने फरशीवर आडवे झाले, आईच्या खुर्चीसमोर.

अज्जी ताडकन सरळ झाली. "स्वामी! अपचार! उठा, उठा! अलमेलू, ह्यांस उठीव! मज पाप लागेल!"

"पाप नाहीं," फरशीला कपाळ टेकूनच मामा म्हणाले. "संन्याशानें आईस नमस्कार करावा."

"हो, तें ठाऊक आहे मज. आईस करावा. पण मी..."

ती थांबली.

बाहेर कुणीतरी दुचाकी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. अज्जी आधी त्यांच्या पाठीकडे पाहत होती, मग स्वतःच्या हातांकडे, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर एक हिशेब चालला होता आणि तो आम्हाला हवा तसा सुटेल की नाही, ते कळत नव्हतं. संन्यासी नमस्कार करतो फक्त आईला. हा मला करतो आहे. म्हणजे.

"म्हणजे तूं घेतलासच," ती म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता. "गुंडू. तूं घेतलासच संन्यास."

मामांनी मान वर केली. नाव आलं होतं, पण ते असं आलं होतं. ती रडत होती, आणि त्यांना कळेना की आपण जिंकलो की हरलो. ते तसेच ओणवे राहिले.

"असें कां केलेंस रे?" अज्जी म्हणाली. "आतां मागें फिरतां येत नाहीं."

मला वाटलं मामा आता वैस-चान्सलर म्हणतील, तुणैवेंदर म्हणतील. सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावतील. पण ते म्हणाले,

"येतें, अम्मा."

"कसें येईल? संन्यास मोडतां येतो कां?"

"मी झालों तें कुलगुरूपण पांच वर्षांचेंच असतें. नियमच आहे तसा. वरून कागद येतो. मुदत संपली. मज घरीं पाठविलें त्यांनीं."

अज्जीने डोळे बारीक केले. "असें कुठें असतें कां?"

"तिकडे असतें."

"मऱ्हाट देशीं?"

"हो."

"पांच वर्षें कुलगुरू आणि मग घरीं जा?"

"हो, अम्मा. बंगलाही परत घेतात. पेरूच्या बागेसकट."

अज्जीचे ओठ हलले आणि ती हसली. बिनदातांचं, खांदे हलवणारं हसू. "अय्यो, कसला मुलूख तो," ती म्हणाली. "कुलगुरूस घरीं पाठवितात." तिने हात पुढे करून त्यांच्या डोक्यावर ठेवला, आणि विटाळाचं तिच्या मनातही आलं नाही. "केस गेले तुझे सगळे. बस. जेवलास कां? अलमेलू, ह्याचें पान इकडे घे. माझ्या जवळ."

त्या दुपारी तिने डांगर पचडी खाल्ली. मामांनी भरवली. मधूनमधून ती घास त्यांच्याच हातातून काढून घेऊन त्यांच्या तोंडात घालत होती, त्यामुळे कोण कोणाला जेवू घालतं आहे ते नीट सांगता आलं नसतं.

संध्याकाळी मी खाली गेले तेव्हा अज्जी अलमेलूला तमिळमध्ये हळू आवाजात सांगत होती, "आमच्या गुंडूला कुलगुरू केलं होतं. परत पाठवून दिलं. काहीतरी केलं असणार याने. उगीच कोण घरी पाठवतं?"

"असेल, रायरम्मा," अलमेलू म्हणाली. "सार तसे वेंधळेच आहेत."

आत मामा कॉफी गाळत होते. त्यांनी हे ऐकलं. दुधाचं पातेलं हातात तसंच धरून ते माझ्याकडे वळले, म्हणाले, "पाहिलंस? माझ्या कारकिर्दीचं एवढं नेमकं मूल्यमापन अजून कुणी केलं नव्हतं," आणि हसता हसता त्यांना पातेलं खाली ठेवावं लागलं.

हे सगळं टिकलं असं नाही. चारपाच दिवसांनी अज्जीने त्यांना पाहून पुन्हा हात जोडले. "स्वामी, आपण केव्हां आलां?" मामा भिंतीला धरून गुडघे टेकू लागले. तो नमस्कार ते आता रोज करतात. काही दिवशी ती तेवढ्यावर ओळखते. काही दिवशी नाही. मग मामा फरशीवरूनच सांगतात, "मुदत संपली, अम्मा."

"हो काय?" ती म्हणते. दर वेळी तिला तितकंच नवल वाटतं. "मग ऊठ. पान मांड."